फुटबॉलचा पास घ्यावा, की रोजचं तिकीट फाडावं?

आमच्या गावच्या बारा रात्रींच्या फुटबॉल स्पर्धेसाठी मंडळानं यंदा सगळ्या रात्रींच्या पासाचे पाचशे केले आणि पानठेल्यावर वातावरण तापलं. मागच्या साली तीनशे होते. रोजचं तिकीट तीसवरून पन्नास झालं, फायनलचं साठवरून शंभर. म्हणजे वाढ सगळीकडंच झाली, पण ओरड फक्त पासाची. पन्नास रुपये आपण दोन दिवसांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात थुंकून टाकतो, त्याचं काही वाटत नाही. पाचशेची नोट एकदम खिशातून काढायची म्हटली की हात थांबतो.

"पाचशे? कायले? तिथं काय मेस्सी येऊन राहिला काय?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाची गोष्ट काढली. पोरं रात्री मोबाइलवर तिकडचे सामने बघतात, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. 2016 च्या फेब्रुवारीत त्या क्लबानं पुढच्या सीझनसाठी सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं ठरवलं, तर संडरलँडविरुद्धच्या सामन्यात बरोबर 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. लिव्हरपूल तेव्हा दोन-शून्यनं पुढं होतं, सामना दोन-दोन बरोबरीत सुटला. काही दिवसांत क्लबानं दरवाढ मागं घेतली. "आपणही पन्नासाव्या मिनिटाले उठून जाऊ," हा पठ्ठ्या म्हणाला. त्याला आठवण करून द्यावी लागली की आपले सामने सात-सात जणांचे, वीस-वीस मिनिटांचे. पन्नासाव्या मिनिटाला तर लाइटवाला वायर गुंडाळायला लागतो.

ज्यांचं अजून ठरायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. मी मागच्या साली पास घेऊन पाहिला, त्याच्या आधी दोन वर्षं रोजचं तिकीट फाडत होतो. दोन्हीकडचं खाऊन झालंय.

पैशाचं गणित आधी सांगून मोकळा होतो, कारण भांडण जितकं मोठं आहे तितकं हे गणित मोठं नाही. बारा रात्री. अकरा रात्रींचे पन्नासप्रमाणे साडेपाचशे आणि फायनलचे शंभर, म्हणजे साडेसहाशे. पास पाचशेचा. फायनल धरून नऊ रात्री गेलात तर बरोबरी, दहाव्या रात्रीपासून फायदा. गंमत म्हणजे मागच्या सालच्या दरातही हिशेब नवव्या रात्रीवरच जुळत होता. दर वाढले, पण पास आणि तिकीट यांच्यातला तोल जिथल्या तिथं राहिला. तेव्हा "पास महाग झाला म्हणून तिकीट" हे कारण मला तरी पटत नाही. दुसरी कारणं असतील तर ती बोला.

बसायच्या जागेत मात्र फरक आहे. पासवाल्याला नंबरची खुर्ची मिळते, डोक्यावर मंडप असतो. जानेवारीतल्या रात्री दहानंतर दव पडायला लागलं की मंडपाची किंमत कळते. रोजच्या तिकिटावर गॅलरी, नाहीतर खाली जमिनीवर टाट अंथरून बसा. गॅलरीत वरून थंडी, खालून लोखंडाची थंडी. पण खेळ बघायचा असेल तर गॅलरीच बरी, हे मी अनुभवानं सांगतो. खुर्च्या सपाट जागेवर आहेत. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या, आणि पाहुणे सामना चालू असताना सत्काराला उठतात. उठले की त्यांच्यामागं फोटोवाला, फोटोवाल्यामागं हारवाला. पलीकडच्या गोलपोस्टजवळ काय झालं ते आम्ही खुर्चीवाले गॅलरीच्या आवाजावरून ओळखत होतो.

गॅलरीची भीती वाटते असं काही जण म्हणतात, ती खोटी नाही. केरळात मलबारकडं अशाच सात-सात जणांच्या, म्हणजे सेव्हन्सच्या स्पर्धा तिकीट लावून रात्री होतात. तिथं मलप्पुरम जिल्ह्यात 2022 च्या मार्चमध्ये तात्पुरती गॅलरी कोसळून दोनशेच्या आसपास माणसं जखमी झाली. आपल्याकडं दोन वर्षांआधीपर्यंत बल्ल्या आणि सुतळीवरच काम होतं, आता लोखंडी पाइप आणि क्लॅम्प आले आहेत. तरी मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसत नाही, आणि पोरं नाचायला लागली की खाली उतरतो. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे किंवा ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत, त्यांनी खुर्चीचाच विचार करावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमचं गाव विदर्भात वणी-वरोरा पट्ट्यातलं, कोळशाच्या खाणींना लागून. फुटबॉल गावात आला तो खाणीच्या कॉलनीतून; त्याआधी इथं फक्त कबड्डी. कॉलनीतल्या माणसाचं आयुष्य शिफ्टवर चालतं. कोणत्या रात्री सुटी, कोणत्या रात्री ड्युटी, हे त्याला आधी माहीत असतं. आम्हा शेतकऱ्यांचं चालतं लाइनवर, म्हणजे विजेवर. कृषिपंपाची थ्री फेज वीज आमच्या फिडरवर, म्हणजे आमच्या भागाच्या वाहिनीवर, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. स्पर्धा भरते नेमकी गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत. बारा रात्रींत रात्रपाळीच्या पाच-सात रात्री हमखास येतात. पास घेताना मी हा हिशेब केलाच नव्हता. तीनशे रुपये दिले, फोटो दिला, दोन दिवसांनी लॅमिनेशन केलेलं कार्ड गळ्यात घालून घरभर मिरवलं.

चौथ्या रात्रीपासून दहाव्यापर्यंत लाइन रात्रीची आली. त्यातल्या दोन रात्री धाकट्या भावानं ओलीत सांभाळलं म्हणून सुटलो. बाकीच्या पाच रात्री मी वावरात. फायनल धरून सात रात्री गेलो, म्हणजे दोनशे चाळीस रुपयांचा खेळ तीनशेत पाहिला. साठ रुपयांनी माणूस बुडत नाही. राग आला तो दहाव्या रात्रीचा.

त्या रात्री आपल्या गावाच्या संघाची क्वार्टर फायनल होती, समोर कॉलनीचा संघ. लाइन दहाला येणार होती आणि सामना साडेनऊचा. आपल्याला जमत नाही तर निदान पुतण्या तरी जाईल म्हणून पास त्याच्या गळ्यात घालून पाठवला. पोरगा आठवीत, फुटबॉलसाठी जीव टाकणारा. मी लाइन यायच्या आधी पाइपाचे जोड बघत होतो, तेवढ्यात त्याचा फोन. "काका, घेत नाही म्हणते. फोटो तुमचा हाय म्हणे." गेटवरच्यानं कार्डाकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि विचारलं, "मिशा कुठं गेल्या बे तुह्या?" सगळी रांग हसली. मी म्हटलं, जाऊ दे, आईकडून तीस रुपये घे आणि तिकीट फाड. तो धावत घरी गेला, धावत परत आला. तोवर खिडकी बंद, वर पाटी: हाउसफुल्ल.

म्हणजे आत माझी 64 नंबरची खुर्ची रिकामी, बाहेर माझ्याच घरचं पोरगं कनातीला कान लावून उभं. आणि मी एक किलोमीटरवर चिखलात. रात्रीच्या थंडीत भोंग्याचा आवाज लांबवर जातो. निवेदक सांगत होता, "आज मैदान खचाखच भरलेलं आहे, पाय ठेवायला जागा नाही!" त्या पाय ठेवायला नसलेल्या जागेत माझे पाय धरले होते की नाही, हा विचार करत मी पाइप बदलले. सामना पेनल्टीवर गेला. एकेका किकला गलका व्हायचा, पण तो गोल झाल्याचा की अडवल्याचा, वावरात कसं कळणार? शेवटी फटाके वाजले तेव्हा आपण जिंकल्याचं समजलं.

फोटोची अट मंडळानं उगाच घातली नाही, हेही सांगायला पाहिजे. आधी पास बिनफोटोचा होता. एक जण आत जायचा, पास कनातीवरून बाहेर फेकायचा, मग दुसरा, मग तिसरा. एका पासावर पाच जण गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, आणि खोटं कशाला बोला, त्यातला चौथा मी होतो. तेव्हा मंडळानं काहीतरी करायलाच हवं होतं. पण औषध असं निघालं की रोगी गेला आणि नातेवाईकही.

हा आजार फक्त आपल्या गावचा नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा क्लब प्रेक्षकांचा आकडा जाहीर करतो तेव्हा तो सहसा गेलेल्या तिकिटांचा असतो, आलेल्या माणसांचा नव्हे. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी मोजणीत तो हजर. तिकडं एका संघाचे घरच्या मैदानावर लीगचे 19 सामने असतात, जर्मनीत 17. सगळ्यांना जाणं कोणाला जमतं? पण तिथल्या बऱ्याच क्लबांनी पासवाल्याला आपली जागा एखाद्या सामन्यापुरती दुसऱ्याला देण्याची किंवा क्लबामार्फत परत विकण्याची सोय केली आहे. काही ठिकाणी तर उलटा नियम आहे: ठरावीक सामन्यांना खुर्ची रिकामी ठेवलीत तर पुढच्या वर्षी पास मिळणार नाही. रिकामी खुर्ची हा तिथं गुन्हा धरतात. आपल्याकडं पुतण्याला पाठवणं गुन्हा ठरतो.

स्वस्त पासाचा दाखला म्हणून जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबाचं नाव घेतात. तिथं उभं राहून बघायचा पूर्ण सीझनचा पास बरीच वर्षं दीडशे युरोच्या आत होता. पण त्या क्लबाकडं टीव्हीचा आणि जाहिरातीचा पैसा असतो, गेटच्या पैशावर त्यांची चूल पेटत नाही. आपल्या मंडळाची पेटते. जनरेटरचं डिझेल, लाइटचा ॲडव्हान्स, बाहेरच्या संघांचं जेवणखाण हे सगळं पहिली शिटी वाजायच्या आत द्यावं लागतं. तो पैसा पासातूनच उभा राहतो. सगळ्यांनी माझ्यासारखं रोजचं तिकीट धरलं तर पहिल्या चार रात्री अंधारात खेळाव्या लागतील. पासाच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि त्याला माझ्याकडं धड उत्तर नाही. मी यंदा शंभराची वर्गणी वेगळी दिली, तेवढंच.

रोजच्या तिकिटाचे तोटेही मोजून घ्या. मोठ्या सामन्याला सहापासून रांगेत उभं राहावं लागतं. खिडकी एकच, तिथं सुट्ट्यावरून भांडणं. कॉलनीविरुद्ध सामना असेल तर वरोरा, भद्रावतीकडून मोटारसायकली भरून येतात आणि गावचाच माणूस बाहेर राहतो. पासवाला मात्र जेवून, पान खाऊन, दुसरा हाफ सुरू व्हायच्या बेतात आला तरी खुर्ची त्याचीच. हे सुख मी सात रात्री घेतलंय, नाही म्हणत नाही. आणि भिकार सामन्यांच्या रात्री तिकीटवाले फिरकत नाहीत, तेव्हा मैदानात जी शे-दीडशे माणसं दिसतात ती पासवालीच असतात. पोरांना टाळ्या मिळतात त्या त्यांच्याच.

तर कोणी काय घ्यावं? शिक्षक असाल, दुकान असेल, कॉलनीत ड्युटी असेल तर पास घ्या, फार विचार करू नका. ज्यांच्या वावरात सौर पंप बसलाय किंवा ज्यांचा फिडर सौरवर गेल्यानं लाइन दिवसा येते, त्यांनाही पास परवडेल. त्यांची रात्र मोकळी आहे, त्यांचा हेवा वाटतो. कोरडवाहूवाले तर राजे, त्यांची तूर निघाली की ते मोकळे. पण ओलीत रात्रीचं असेल आणि घरात पाणी धरायला दुसरा माणूस नसेल, तर माझ्या मते रोजचंच तिकीट बरं. ज्या रात्री सुटलो त्या रात्री पन्नास टाकले, गॅलरीत चढलो. नाही सुटलो तर कोणाच्या खुर्चीचं ओझं डोक्यावर नाही, आणि पुतण्याच्या हातात नोट दिली की त्याला मिशा आहेत का हे कोणी विचारत नाही.

मंडळाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली आहे. फोटो काढून टाका, नंबर ठेवा, आणि आत गेलेल्या पासाला त्या रात्रीचं भोक पाडा. तिकीट तपासनीसाचं भोक पाडायचं पंच मशीन गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतं. भोक पडलं की कनातीवरून फेकून उपयोग नाही, आणि माणूस कोण याच्याशी गेटवरच्याला देणंघेणं नाही. अध्यक्ष म्हणाले, "पाहू." बैठकीत बसलेले दोघे-तिघे हसले, कारण "पाहू" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पासाची विक्री संक्रांतीपर्यंत चालू आहे. तोवर भोकाचं ठरलं तर मीही पाचशे काढीन, 64 नंबरची खुर्चीच मागीन. नाही ठरलं तर गॅलरीत, वरून तिसऱ्या पायरीवर.