जुन्या टाटा ६९७ ला टर्बो: सांगलीतल्या एका पंप-नोझल गॅरेजचं काम

सांगली-मिरज रस्त्यावरच्या या गॅरेजमध्ये टाटाच्या बिनटर्बोच्या ६९७ या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, बसवून मिळतो. काम चोख आहे. नुसता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवत नाहीत, ही सगळ्यात मोठी गोष्ट. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त म्हणजे काळा धूर, तापलेलं हेड आणि शेवटी पिस्टनच्या माथ्याला चीर.

आधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघतात. एक जरी कमी भरला तर आधी लायनर-पिस्टनचं काम, टर्बो नंतर. इनलाइन पंप टेस्ट बेंचवर चढवून सहाही एलिमेंटचं (दर सिलिंडरला डिझेल ढकलणाऱ्या दट्ट्याचं) डिझेल सारखं करतात. पंपाला हवेच्या दाबाने हलणारा डायफ्रॅम (पडदा) जोडतात, त्यामुळे बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आल्यावरच डिझेल वाढतं. मूळ पिस्टन असल्याने बूस्ट ०.६ बारच्या आसपासच ठेवतात. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी त्यापुढे जात नाहीत, हे फार आवडलं.

खरी पारख टर्बोतून ऑइल परत इंजिनात आणणाऱ्या पाइपात. तो जाड हवा, सरळ उताराचा हवा आणि चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. बारीक पाइप लावला की ऑइल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरतं, निळा धूर येतो आणि चांगला टर्बो उगाच बदलला जातो. इथे पाइप बरोबर असतो.

उणीव एकच: एक्झॉस्टचा तापमान मीटर मागितल्याशिवाय लावत नाहीत. ऊस भरून खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला तो हवाच. काटा ७०० अंशांकडे गेला की खालचा गिअर टाका. इंजिनाचा जोर वाढतो, म्हणून क्लच प्लेटही तपासून घ्या. आरटीओची परवानगी कामाआधी काढा.