ब्लेंडरची एक्सट्रूड, बेव्हल आणि लेथ साधने: तांब्या आणि तळखड्यावर घेतलेली परीक्षा

थ्रीडी मॉडेलिंगचे, म्हणजे संगणकावर त्रिमितीय आकार घडवण्याचे, सॉफ्टवेअर तपासायचे तर अवघड राक्षस किंवा रोबो घेऊ नयेत, ओळखीची वस्तू घ्यावी. ओळखीच्या वस्तूतली चूक डोळ्यांना लगेच खुपते. म्हणून ब्लेंडर या अशाच सॉफ्टवेअरच्या 4.2 आवृत्तीच्या या परीक्षणासाठी पुण्यातल्याच दोन वस्तू निवडल्या: कसब्यातल्या तांबट आळीत घडतो तसा 180 मिलिमीटर उंचीचा तांब्या आणि जुन्या वाड्यातल्या लाकडी खांबाखालचा दगडी तळखडा.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला लेथ समजावून सांगावा लागत नाही. तिथे जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल आत येते. ब्लेंडरमध्ये अर्धी बाह्यरेषा काढायची आणि ती अक्षाभोवती फिरवायची. ‘लेथ’ नावाचे बटण मात्र इथे सापडणार नाही. तेच काम दोन साधने करतात, स्पिन आणि स्क्रू मॉडिफायर (मॉडिफायर म्हणजे मूळ आकार न मोडता वरून लावलेली, नंतर बदलता येणारी क्रिया). तांब्यासाठी निःसंशय स्क्रू घ्यावा. स्पिन एकदा फिरवले की बाह्यरेषा जाळीत, म्हणजे बिंदू, कडा आणि चेहरे (सपाट बाजू) मिळून झालेल्या पृष्ठभागात, विरघळून जाते. मग गळा दोन मिलिमीटरने बारीक करायचा म्हटले तरी गळ्याभोवतीचे बिंदूंचे सगळे कडे हलवावे लागते. स्क्रूमध्ये मूळ रेषा शेवटपर्यंत हाताशी राहते. स्पिनचा खरा उपयोग पाइपाला 90 अंशांचे वळण देताना किंवा कडी वाकवताना होतो.

बाह्यरेषा काढायची ती एक्सट्रूडनेच, म्हणजे निवडलेला बिंदू, कड किंवा चेहरा ओढून वाढवणाऱ्या साधनाने. प्लेन घेऊन एडिट मोडमध्ये सगळे बिंदू ‘मर्ज ॲट सेंटर’ने एकात मिळवायचे आणि मग ई (एक्सट्रूडची कळ) दाबत तळापासून काठापर्यंत चौदा-पंधरा बिंदू टाकत जायचे. हे काम समोरच्या दृश्यातच, म्हणजे नमपॅड 1 दाबूनच करावे. तिरक्या दृश्यात काढलेले बिंदू वाय दिशेला कमीजास्त सरकतात. फिरवल्यावर असा प्रत्येक बिंदू वेगळ्या कोनातून निघतो आणि तांब्याच्या पोटावरच्या उभ्या रेषा पीळ पडल्यासारख्या दिसतात. तसे झाले तर सगळे बिंदू निवडून एन पॅनेलमध्ये वाय शून्य करावा, पण तिथला मीडियन आकडा सगळ्यांना एकत्र सरकवतो, म्हणून आधी एस, वाय, 0 दाबून रेषा सपाट करून घ्यावी. तळाच्या पहिल्या बिंदूचा एक्सही शून्यच हवा, नाहीतर बुडाला भोक राहते.

स्क्रूमधला ‘मर्ज’ चालू केल्याशिवाय बुडाच्या मध्यावरचे बिंदू एकत्र येत नाहीत. त्याचे मूळ अंतर 0.01 मीटर म्हणजे 10 मिलिमीटर आहे. घर मॉडेल करणाऱ्याला ते चालेल, तांब्याला नाही: अक्षाजवळचे नको ते बिंदूही मिसळतात आणि बुडाची घडण बिघडते. ते 0.0001 वर आणावे. इतके मोठे मूळ अंतर ही या साधनातली सर्वात त्रासदायक गोष्ट आहे, कारण दोष दिसतो बुडाशी आणि माणूस शोधत बसतो रेषेत.

स्टेप्स, म्हणजे एका फेरीचे तुकडे, किती ठेवायच्या हे डोळ्यांवर सोडू नये. पोटाची त्रिज्या 70 मिलिमीटर असेल तर 16 स्टेप्सना प्रत्येक सपाट बाजू खऱ्या वर्तुळापेक्षा मध्यावर सुमारे 1.3 मिलिमीटर आत येते, 32 ना 0.34 आणि 64 ना 0.08. पडद्यावरच्या चित्राला 32 पुरतात. थ्रीडी प्रिंट काढायचा असेल तर 64 घ्यावेत, कारण 0.34 मिलिमीटरची धार बोटाला कळते.

नुसते फिरवलेले भांडे कागदासारखे असते, त्याला जाडी नसते. ती सॉलिडिफायने 2 मिलिमीटर द्यावी आणि ‘ईव्हन थिकनेस’वर खूण करावी. त्यानंतर बेव्हल, म्हणजे तीक्ष्ण कड कापून तिरकी किंवा गोल करणे. मॉडिफायरचा हाच क्रम ठेवावा: स्क्रू, सॉलिडिफाय, बेव्हल. 2 मिलिमीटरच्या काठाला दोन कडा असतात, म्हणून एकेकीला 1 मिलिमीटरपेक्षा जास्त जागाच नाही. रुंदी 0.8 मिलिमीटर आणि 3 सेगमेंट्स (कापलेल्या कडेचे तुकडे) ठेवले की काठ ओठाला लावावासा गोल होतो. बेव्हलची कोनमर्यादा मुळात 30 अंश असते, म्हणजे त्याहून कमी वळणाच्या कडा ते कापत नाही. 64 स्टेप्सना शेजारच्या बाजूंतला कोन 5.6 अंशच भरतो, त्यामुळे पोट सुरक्षित राहते. स्टेप्स 12 च्या खाली नेल्या की हा कोन 30 च्या वर जातो आणि पोटावरची प्रत्येक उभी रेष कापली जाते.

तळखड्यात एक्सट्रूड आणि बेव्हल यांची गाठ पडते, आणि नवशिक्याचा निम्मा वेळ इथेच जातो. वरचा चेहरा निवडून ई दाबला, मन बदलले, उजवे क्लिक केले. वाटते की काम रद्द झाले. रद्द होते ते फक्त सरकवणे. नवा चेहरा जुन्यावर तंतोतंत बसलेला राहतो आणि दोघांमध्ये शून्य लांबीच्या कडा तयार होतात. पडद्यावर काहीच दिसत नाही. अर्ध्या तासाने त्याच कोपऱ्यावर कंट्रोल बी (बेव्हल) दाबला आणि ‘क्लॅम्प ओव्हरलॅप’ चालू असला की बेव्हल जागचे हलत नाही, कारण तो पर्याय बेव्हलला शेजारच्या सर्वात आखूड कडेपुढे जाऊ देत नाही आणि ती कड शून्य लांबीची असते. क्लॅम्प बंद असेल तर चेहरे एकमेकांत घुसतात. बेव्हलला दोष न देता सगळे निवडून एम, ‘बाय डिस्टन्स’ करावे, म्हणजे एकाच जागी बसलेले बिंदू एकत्र होतात. खाली किती बिंदू काढले तो आकडा येतो. उजव्या क्लिकनंतर लगेच कंट्रोल झेड दाबण्याची सवय हा त्याहून चांगला उपाय.

ऑब्जेक्ट मोडमध्ये क्यूब ताणून चपटा केला असेल तर बेव्हल एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद येते. आधी कंट्रोल ए, ‘स्केल’ करून ते ताणलेले माप पक्के करावे. एक सेगमेंट म्हणजे वर्कशॉपमधला चेंफर, म्हणजे कडेचा सपाट तिरका काप. खांबाच्या मारलेल्या कडांना तो नेमका शोभतो. दगडाला 2 ते 3 सेगमेंट्स द्यावेत. पायरी पाडायची तर आय कळीने इनसेट करून (चेहऱ्याच्या आत लहान चेहरा काढून) मग ई. पायरी नंतर पुन्हा बसवायची असेल तर 2.90 पासूनचे ‘एक्सट्रूड मॅनिफोल्ड’ वापरावे, ते आत ढकलताना उरलेल्या कडा स्वतःच पुसते.

जे जमत नाही ते मठारकाम. तांब्यावरचे हातोडीचे ठसे या तिन्ही साधनांनी काढू नयेत, जाळी उगाच जड होते. चित्रापुरते हवे असतील तर बंप मॅप (उंचसखलपणाचा नुसता भास देणारे चित्र), प्रिंटसाठी स्कल्प्ट (मातीसारखी जाळी घडवणे).

ब्लेंडर फुकट आहे, धंद्यासाठी वापरले तरीही, म्हणून घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. प्रिंटला पाठवण्यापूर्वी ‘फेस ओरिएंटेशन’ (चेहऱ्याची बाहेरची बाजू निळी आणि आतली लाल दाखवणारे दृश्य) लावून बाहेरून सगळे निळे आहे ना ते पाहावे. लाल दिसले तर स्क्रूमधला ‘फ्लिप’ वापरावा. प्रिंटला द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसते आणि प्रिंटरचे सॉफ्टवेअर आकडे मिलिमीटर समजून वाचते. मीटरमध्ये काढलेला 0.18 उंचीचा तांब्या तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान उतरतो, म्हणून एक्सपोर्ट करताना स्केल 1000 भरावे.