दारू सुटल्यावर कोणत्या गटात बसावे: केंद्राचा फॉलोअप की एए?

दारू थांबवणे आणि दारूशिवाय राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे ज्यांना एव्हाना कळून चुकले आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पहिले काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकते. आमच्या भागातल्या माणसाला त्यासाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. खरा प्रश्न घरी परतल्यानंतरचा असतो.

मी सुमारे वर्षभर एका व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉलोअपला, म्हणजे उपचारांनंतरच्या ठरावीक भेटींना, जात होतो, आणि गेली सहा वर्षे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एएच्या मीटिंगला बसतो आहे. त्यामुळे पुढचे सगळे माझ्या अनुभवापुरते खरे मानावे.

फॉलोअपची मोठी जमेची बाजू अशी की समुपदेशकाला आपली सगळी हकिकत ठाऊक असते, औषधे चालू असतील तर डॉक्टर तिथेच भेटतात, आणि घरच्यांनाही या आजाराचे स्वरूप समजावून सांगितले जाते. कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची रीत महाराष्ट्रात रुजवण्यात १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा मोठा वाटा आहे, आणि ती रीत चुकीची आहे असे मी मुळीच म्हणणार नाही.

परंतु मी जात असे त्या केंद्रात महिन्याच्या सभेत माझे नाव पुकारले जाई, ‘महिना कसा गेला?’ असे विचारले जाई आणि मी तोंड उघडण्याआधीच प्रश्न माझ्या पत्नीकडे वळे: ‘ताई, तुम्ही सांगा.’ वीस-पंचवीस माणसांसमोर तिला साक्ष द्यावी लागे. एका महिन्यात मी थेंबही घेतला नव्हता, पण आदल्या रात्री पैशांवरून आमचे वाजले होते, म्हणून ती उत्तर देताना क्षणभर थांबली. त्या थांबण्याचा अर्थ सभेने आपापल्या परीने लावला. परतीच्या एसटीत आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘रविवारी विचारतील म्हणून मी रोज संध्याकाळी तुमच्या तोंडाचा वास घेते. मला हे काम नको.’ मी इतकी वर्षे खोटे बोलत आलो होतो, तेव्हा केंद्राने तिलाच विचारावे हे समजण्यासारखे होते. तरीही जिने सर्वांत जास्त सोसले तिलाच पहारेकरी नेमण्याची ही पद्धत मला सहन झाली नाही, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक अशा दोन दारुड्यांच्या भेटीतून झाली. सदस्यत्वाची एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, सदस्य स्वेच्छेने देतील तेवढ्यावरच खर्च भागतो. बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात; एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात आणि त्याच्या बोलण्याची शहानिशा कोणी करत नाही. मला पहिल्यांदा स्वतःविषयी खरे बोलता आले ते तिथेच, बहुधा पुरावा मागणारे समोर कोणी नव्हते म्हणून. मी एकदा घसरलो, तेव्हा पुढच्या मीटिंगला तसे सांगितले आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

उणिवा आहेतच. लहान गावात कधी चारच माणसे जमतात, तर कधी खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तोच येत नाही. ‘आपल्याला उमजेल तसा ईश्वर’ ही भाषा काहींना खटकते. तिथे डॉक्टर नसतो. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाचा स्वतंत्र गट असतो, पण माझ्या पत्नीला तो जवळपास मिळाला नाही, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

आपल्याकडे तिसरा मार्ग माळेचा. माझ्या चुलत्यांनी तुळशीची माळ घातली आणि पुन्हा दारूला शिवले नाहीत. परंतु माळ घालून पुन्हा प्यायलेला माणूस शरमेने दिंडीतही जात नाही आणि घरीही तोंड दाखवत नाही, असे मी दोन वेळा पाहिले आहे.

ज्यांची औषधे चालू आहेत किंवा ज्यांना दारूबरोबर नैराश्याचाही त्रास आहे, त्यांनी फॉलोअप सोडू नये. पहिले सहा महिने दोन्हीकडे जाणे उत्तम. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा केंद्राशी संबंध महिनोन्‌महिने तुटतो. त्यांनी कारखान्याच्या परिसरात एएची मीटिंग भरते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. बाकीच्यांना, माझे मत विचाराल तर, मी आधी एएत चार-पाच वेळा बसून पाहा असेच सुचवेन. एका मीटिंगवरून ठरवू नये. जवळच्या केंद्राची माहिती १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर मिळते. बाहेरगावी जायचे असेल तर शेवटच्या एसटीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण आमच्याकडे मीटिंग दीड तास चालते आणि नंतरच्या चहाला थांबल्याशिवाय सहसा कोणी निघत नाही.