फेरफार, कोतवाल बुक की तीर्थोपाध्यायांची वही? घराण्याचा शोध कुठून सुरू करावा

घराण्याच्या शोधाला निघालेली मंडळी बहुधा पहिला फेरा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसाठी त्र्यंबकेश्वरला मारतात, नाहीतर मोडी वाचणाऱ्याचा पत्ता शोधत बसतात. आमचे मत वेगळे आहे. पहिला फेरा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मारावा. जुन्या काळातून खाली उतरत आपल्यापर्यंत येणे जवळजवळ अशक्य असते. आपल्यापासून एकेक पिढी मागे जाणे मात्र जमते, आणि त्यासाठी महसुली दप्तरासारखे साधन नाही.

गावात एके काळी गुंठाभर जरी जमीन असेल तरी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, सर्वांत भरवशाची. खातेदार मेला की वारसाची नोंद होते, आणि त्या एका नोंदीत मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, विधवा आणि कधी नातवंडेही सापडतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात जे क्रमांक असतात, ते फेरफारांचे. सर्वांत जुना क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात उल्लेखलेला आधीचा फेरफार काढा, असे मागे जात राहा. कंस केलेली नावे आवर्जून उतरवून घ्या. ती कमी झालेली नावे असतात आणि पणजोबा तिथेच दडलेले असतात. जुन्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा आहे, त्यामुळे तिथे ही साखळी साधारण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेता येते.

साखळी तुटते ती जमिनींच्या एकत्रीकरणापाशी. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव गट पडले आणि जुने सर्व्हे नंबर गेले. आजचा गट क्रमांक घेऊन जुने हक्कपत्रक (म्हणजे फेरफाराचीच नोंद) मागितले तर ‘आढळ होत नाही’ एवढेच उत्तर मिळते. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा काढा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा पक्का करा, मगच अर्ज द्या. अर्जात गाव कोणत्या काळात कोणत्या तालुक्यात होते तेही लिहा. तालुके फोडले गेले तेव्हा सगळी दप्तरे गावाबरोबर हलली असे नाही. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे स्कॅन केलेले उतारे मिळतात. तिथे न दिसलेला कागद नाहीच असे मात्र समजू नका.

वाचताना काही खुणा ठाऊक हव्यात. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ या शब्दापुढे नवऱ्याचे नाव येते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शेवटचे दिसले की सावध व्हा. जमीन एका भावाच्या नावे लागलेली असते आणि बाकीचे भाऊ कागदावर नसतात. आडनाव तर पुष्कळदा नसतेच, म्हणून दोन सख्खे चुलते वेगवेगळ्या घराण्यांतले वाटू शकतात. लेकींची नावे वारसांत ठळकपणे दिसू लागतात ती १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. त्याआधी विधवेचे नाव लागे, मुलीचे क्वचितच. आज्जीचे माहेर शोधणाऱ्याने हे आधीच लक्षात ठेवावे.

मराठवाड्याची गोष्ट निराळी. तो भाग सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथे खासरा पत्रक, म्हणजे जमीन आणि खातेदार यांची जुनी नोंद, हा पहिला मुक्काम, आणि त्यामागचे दप्तर उर्दूत. नागपूरकडे मिसल बंदोबस्त (जमाबंदीच्या वेळची नोंद) विचारा, वऱ्हाडात पेरेपत्रक (पिकांची नोंद).

जमीनच नव्हती तर? बलुतेदार, शेतमजूर, दलित आणि भटक्या कुटुंबांसाठी फेरफार बहुधा गप्प असतो. तिथे कोतवाल बुक आणि शाळेचा जनरल रजिस्टर या दोनांतून निवडायचे.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावच्या जन्ममृत्यूंची नोंद. त्याचे बळ असे की नोंद घटनेच्या दिवसांतच झालेली असते आणि जात लिहिलेली असते. दोष असा की जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. बारसे व्हायच्या आधी नोंद होई, मग नाव येणार कुठून? बापाला पाच मुलगे असतील तर हा नेमका कोणता, ते दुसऱ्या कागदाशिवाय ठरत नाही. मृत्यूच्या नोंदीत नाव आणि वय असते, म्हणून आधी मृत्यू शोधा आणि वय वजा करून जन्माचे साल काढा. आधीची दोन आणि नंतरची दोन साले बघायला विसरू नका, कारण वय अंदाजाने सांगितलेले असते.

शाळेच्या रजिस्टरात उलट आहे. नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, सगळे एका ओळीत मिळते. जन्मतारीख मात्र कच्ची. १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली असण्याचीच शक्यता जास्त. शाळेत न गेलेले सगळे, म्हणजे जुन्या पिढीतल्या बहुतेक बायका, इथे सापडत नाहीत. तरी वंशाची साखळी जोडायची असेल तर आम्ही जनरल रजिस्टर आधी घेऊ, आणि जातीचा जुना पुरावा हवा असेल तर कोतवाल बुक. जात पडताळणीसाठी कागद जमवणाऱ्याने प्रवर्गाची तारीख आधी बघावी: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा सरकारी कागद हाती असेल तर पुढचे काम हलके होते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथे गाव आणि आडनाव सांगितले की वही उघडते, आणि पणजोबांचे हस्ताक्षर समोर येऊ शकते. ते दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाही. पण यात्रेला गेलेल्यांचीच नोंद असते. न परवडलेल्या भावाचे नाव राहून जाते, आणि वह्या भाऊबंदकीत वाटल्या गेल्याने एकाच गावाची पाने दोन घरांत असतात. जाताना मूळ गाव नक्की माहीत हवे. मुंबईचा पत्ता सांगून काही सापडत नाही. त्या नोंदीत पुढची पिढी लिहूनच परत या. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या कुटुंबांनी हेळव्यांना विचारावे. घराण्यांच्या वंशावळी राखणे हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे.

छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचे पुस्तक, मिळाला तर वर्षांचे कष्ट वाचतात, पण तो दुय्यम कागद आहे. संपादकाला पत्राने कळवलेली माहिती त्यात असते, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची शाखा ‘वंश समजला नाही’ म्हणून थांबते. मूळ पुरुषापासूनच्या पहिल्या चार-पाच पिढ्या कशावरून घेतल्या हे लिहिलेले नसेल, तर त्या पेन्सिलनेच उतरवा.

पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर सर्वांत शेवटी. सुमारे ३९ हजार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), त्यातले बहुतेक मोडी. घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम किंवा देवस्थानची सेवा असेल तरच तिथे जाण्यात अर्थ आहे. १८५२च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने हक्क तपासताना कैफियती (लेखी निवेदने) आणि वंशावळी मागवल्या, म्हणून वतनदारांची नावे तिथे भरपूर आहेत. साध्या रयतेची नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे ओळखीचे गावही वाचताना चुकते. आधी गावाची सगळी जुनी नावे जमवा.

तारखांनी तर भलेभले फसतात. पेशवाईतल्या कागदांतला शुहूर सन मृग नक्षत्रापासून, साधारण जूनच्या आरंभी, सुरू होतो. त्यात मृग ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवायचे. पानिपताची लढाई शुहूर ११६१ची, जानेवारी १७६१. फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शकात ७८, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. मूळ सन जसा आहे तसा टिपून ठेवा आणि इसवी सन शेजारी कंसात लिहा. बेरीज चुकली तरी मूळ आकडा हातात राहतो.