5 लिटरचा (म्हणजे मिनिटाला 5 लिटरपर्यंत देणारा) ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, 8 महिने वापरून झाल्यावर लिहितेय

पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, कारण आईचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) 86 वरून 93 ला गेलेलं बघून मी तिथेच खाली बसून रडले होते. आता 8 महिने झालेत तर नीट सांगता येईल. आईला लंग कॅन्सर आहे, चौथी स्टेज, नॉन स्मॉल सेल प्रकारचा. आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही तिने (मुद्दाम लिहितेय, कारण पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात आणि तिला ते फार लागतं). टार्गेटेड थेरपीच्या (कॅन्सरच्या पेशींमधल्या ठराविक बदलावरच काम करणाऱ्या) गोळ्या चालू आहेत, लागूही पडल्यात, पण मधेच न्यूमोनिया झाला आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बसून असताना मिनिटाला 2 लिटर आणि चालताना 3 असा ऑक्सिजन लिहून दिला.

मशीन चांगलंच आहे. सिलेंडरसारखं संपायची भीती नाही, आपल्या खोलीतलीच हवा आत घेतं जिच्यात ऑक्सिजन 21 टक्केच असतो, आतले झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि बाहेर 90 ते 95 टक्के ऑक्सिजन येतो, दर थोड्या सेकंदांनी फुस्स आवाज येतो ना तो त्याच नायट्रोजनला बाहेर सोडल्याचा, बिघाड नाही, आम्ही पहिल्या रात्री घाबरून सगळे उठून बसलो होतो. घेताना एक नक्की बघा, काही स्वस्त मशीनवर 1 ते 7 लिटर लिहिलेलं असतं पण फ्लो वाढवला की शुद्धता धपकन खाली येते, म्हणून पूर्ण 5 लिटरवर किती टक्के देतं ते विचारा आणि शुद्धता मोजायचं मीटर लावून दाखवायला सांगा.

आवाज आणि गरम हवा दोन्ही आहे. आमचं आता पॅसेजमध्ये असतं, भिंतीपासून फूटभर लांब, आणि तिथून लांब नळी आईच्या खोलीत. या नळीबद्दल कोणीच आधी सांगत नाही हो, दिवसभर तिच्याशीच संसार असतो, दाराखाली अडकते, खुर्चीच्या पायाखाली येते. सुरुवातीला आई दर दोन पावलांना थांबून मागे बघायची, आता वेणी मागे टाकावी तशी एका हाताने नळी मागे टाकते आणि चालायला लागते. कानामागे सोलवटलं होतं तिथे नळीला मऊ कापूस गुंडाळला, दोन दिवसात बरं वाटलं. नाक कोरडं पडतं पण व्हॅसलिन लावू नका, तेलकट काहीच नको, पाण्याच्या बेसचं जेल मिळतं ते लावा. मागचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच लावायचा.

आता तक्रार. एका रात्री 11 वाजता सॅच्युरेशन 87, 86 असं खाली यायला लागलं, मशीन मस्त चालू, अलार्म नाही काही नाही. सर्व्हिसवाल्यांचा 24 तासवाला नंबर, सहा वेळा लावला, उचललाच नाही. शेवटी नळीचं नाकातलं टोक पेलाभर पाण्यात बुडवलं तर एकही बुडबुडा नाही! ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलं होतं आणि सगळा ऑक्सिजन तिथूनच निघून जात होता. मशीनच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं म्हणून अलार्म वाजला नाही. तेव्हापासून बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरलं की बुडबुड्यांची टेस्ट करतेच. वीज गेली तर म्हणून छोटा सिलेंडर रेग्युलेटर लावून तयार ठेवा आणि तो उघडायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा, फक्त एकालाच येऊन उपयोग नाही. आणि गॅस, मेणबत्ती, सिगारेट यांच्या जवळपास नळी लावून अजिबात जायचं नाही, ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण कपड्यात, पांघरुणात साठून राहतो आणि ठिणगी पडली तर भडका उडतो.

बाहेर न्यायचं पोर्टेबल मॉडेल आम्ही भाड्याने आणून बघितलं. त्याच्यावरचे 1, 2, 3 हे लिटर नसतात, श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता एक झोत देतं. आईचा श्वास उथळ आहे, चालताना ते पुरेना, परत केलं. ऑक्सिमीटर लावून, पेशंटला चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. ऑक्सिमीटर 95 दाखवतो आणि आई म्हणते श्वास पुरत नाही. मी काय करायचे, फ्लो वाढवायचे, 3, 4, पुढे 5, आणि तरी तिचं तेच, मग मला वाटायचं मशीनच खराब आहे. डॉक्टरांनी समजावलं की धाप म्हणजे दरवेळी ऑक्सिजन कमी असतो असं नाही, छातीत पाणी साठलेलं असतं, रक्त कमी असतं, अंगात ताकद नसते, भीती असते, आणि मनाने फ्लो वाढवायचा नाही. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 2010 ला एक अभ्यास आला होता, ज्यांचा ऑक्सिजन फारसा कमी नव्हता अशा गंभीर आजारी लोकांना नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, आराम जवळपास सारखाच पडला. आईच्या छातीतलं पाणी काढलं तर महिनाभर मशीनने जे झालं नव्हतं ते त्या संध्याकाळीच झालं, एक पूर्ण वाक्य न थांबता बोलली ती. मॉर्फिनचा अगदी छोटा डोस दिला, नावाने आम्ही सगळेच हबकलो होतो, पण धापेला खरंच फरक पडला.

आणि छोटा हातातला पंखा. नाक आणि वरच्या ओठावर गार वारा लागला की मेंदूला धाप कमी जाणवते, एवढं साधं. धाप लागली की आई टेबलावर कोपर टेकून पुढे वाकते, पंखा तोंडासमोर धरते, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडते, मी शेजारी नुसती बसते, काही विचारत नाही कारण बोलायला लावलं की अजून धाप लागते. चार-पाच मिनिटांत खांदे खाली येतात, ते दिसलं की मलाही सुटल्यासारखं होतं.

मशीनला 5 पैकी 4, सर्व्हिसला 1. पहिला महिना भाड्यानेच घ्या, गरज किती आहे ते कळतं, आमचं आता बसून असताना डॉक्टरांनी बंद केलंय, चालताना आणि आंघोळीलाच लागतं. पंखे मात्र दोन घ्या, एक उशीजवळ आणि एक पर्समध्ये, आणि दोन्ही रात्री चार्जिंगला लावून झोपा.