अम्हा रेकॉर्ड्स : मूळ तबकडी की पुनर्मुद्रण?

अम्हा एशेते यांनी तबकड्या काढण्यावरील सरकारी मक्तेदारीला न जुमानता १९६९ साली इथिओपियातील अदिस अबाबात सुरू केलेल्या ‘अम्हा रेकॉर्ड्स’ या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मूळ सात इंची तबकड्या संग्राहकाला भुरळ घालतात, पण दिव्याखाली तिरकी धरली की अशा तबकडीवर बहुधा ओरखड्यांचे जाळेच दिसते, कारण त्या जपून ठेवण्यासाठी नव्हे, तर वाजवण्यासाठी घेतल्या गेल्या होत्या. पुनर्मुद्रणात, म्हणजे त्याच गाण्यांच्या नव्याने काढलेल्या तबकडीत, इथिओपियन गायक महमूद अहमद यांचा कंप पावणारा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि किंमतही आवाक्यात राहते. म्हणून ऐकण्यासाठी मी निःसंकोच पुनर्मुद्रणच निवडेन; मूळ प्रत, खिशाला परवडत असेल तर, एखाद्या फार आवडत्या गाण्याचीच घ्यावी. मात्र पुनर्मुद्रण मूळ ध्वनिमुद्रणाच्या फितीवरून केले आहे की जुन्या तबकडीवरून, आणि हक्कधारकांशी रीतसर करार झाला आहे का, हे विकत घेण्यापूर्वी तपासावेच.