‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ : ब्लू-रे घरात आल्याला बरेच महिने झाले, त्यानंतर

जॉन फोर्डच्या या १९४६च्या वेस्टर्न सिनेमाची क्रायटेरियन या कंपनीनं काढलेली ब्लू-रे घेतली आणि तेव्हापासून ती प्लेअरजवळच पडून असते. रात्री जेवणं उरकली की कधी अख्खा सिनेमा, कधी नुसता एखादा प्रसंग. असा तुकड्यातुकड्यांनीही तो पुरतो, कारण याचा जीव गोळीबारात नाही, दोन गोळीबारांच्या मधल्या रिकाम्या वेळात आहे.

भावाचा खून झाला म्हणून वायट अर्प अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावाचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख होतो. मग अर्प झालेला हेन्री फोंडा करतो काय? ओसरीत खुर्ची मागच्या पायांवर तोलून बसतो आणि समोरच्या खांबाला एकदा हा पाय टेकवतो, एकदा तो. एवढंच! पण हा माणूस कुणाला घाबरत नाही, हे तेवढ्यात कळतं. आणि तो नाच! चर्चची नुसती जमीन नि सांगाडा उभा आहे, झेंडे फडफडताहेत. न्हाव्याकडून चापूनचोपून आलेला अर्प बराच वेळ घुटमळतो, मग टोपी भिरकावतो आणि ताठ अंगानं, गुडघे उंच उचलत, डॉक हॉलिडेला शोधत गावात आलेल्या क्लेमेंटाइनबरोबर नाचतो. कितीदा पाहिला तरी डोळे भरून येतात.

जोसेफ मॅकडोनल्डचं छायाचित्रण या ब्लू-रेवर खरं कळतं. सलूनमधल्या रात्री गडद आहेत, पण व्हिक्टर मॅच्युअरनं केलेल्या डॉक हॉलिडे या क्षयरोगी जुगाऱ्याचा आजारी चेहरा त्यात हरवत नाही.

इतिहास शोधायला मात्र जाऊ नका. सिनेमाच्या शेवटी येणारी ओ.के. कोरलची चकमक प्रत्यक्षात २६ ऑक्टोबर १८८१ची, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. सिनेमात मारला जाणारा भाऊ जेम्स अर्प प्रत्यक्षात १९२६पर्यंत जगला. हॉलिडे सिनेमातल्यासारखा सर्जन नव्हता, दातांचा डॉक्टर होता. पडद्यावर दिसणारी मॉन्युमेंट व्हॅली तर टूम्बस्टोनपासून कितीतरी उत्तरेला. याचं मला काही वाटत नाही. खटकते ती चिवावा या सलूनमधल्या गायिकेला आणि दारुड्या रेड इंडियनला दिलेली वागणूक; दर वेळी जास्तच खटकते.

डिस्कवर दोन आवृत्त्या आहेत : प्रदर्शित झालेली ९७ मिनिटांची आणि त्याआधीची १०३ मिनिटांची. निर्माता झॅनकनं अर्प आणि क्लेमेंटाइनच्या निरोपाच्या प्रसंगात गालावरचं चुंबन घालायला लावलं; आधीच्या आवृत्तीत नुसतं हस्तांदोलन आहे. अर्पसारख्या भिडस्त माणसाला तेच शोभतं. पहिल्यांदा बघणाऱ्यानं ९७ मिनिटांचीच लावावी, तिचं प्रिंट जास्त स्वच्छ आहे. घेण्याआधी प्लेअर तपासा, कारण ब्लू-रे जगातल्या ठरावीक विभागांच्या (रीजन) प्लेअरवरच चालतात : ही डिस्क रीजन ‘ए’ची आहे, आपल्याकडे रीजन ‘सी’ चालतो.